शंका येते, विश्वास ठेवावा लागतो

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

मी अडतीस वर्षांची आहे. ख्रिस्ती घरात वाढले, लहानपणी बाप्तिस्मा झाला, संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करून बक्षिसंही मिळवली. विशीत ते सगळं हळूहळू सुटलं. भांडण, बंड असं काही झालं नाही. एके दिवशी प्रार्थना करताना लक्षात आलं, की आपण आपल्याशीच बोलतोय.

मग वडील आजारी पडले. सगळ्या मंडळीने प्रार्थना केली. मीही केली, कित्येक वर्षांनी आणि अगदी जीव ओतून. ते गेले. अंत्यविधीनंतर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला. त्यानंतर सहा वर्षं मी चर्चची पायरी चढले नाही.

गेल्या वर्षी मला मुलगी झाली आणि मी परत जाऊ लागले. का, ते सांगता येत नाही. शेवटच्या बाकावर बसते, आशीर्वाद झाला की निघते. रात्री मार्कचं शुभवर्तमान वाचते. येशू मला आवडतो, एवढं छातीठोकपणे सांगू शकते. पण तो मेलेल्यांतून उठला, हे गळी उतरत नाही. रात्री वाटतं पटलं, सकाळी पुन्हा जैसे थे. गाताना बाकीच्यांचे डोळे मिटतात, काहींना रडू येतं. मला काहीच होत नाही. त्यात याकोबाचं पत्र उघडलं. संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा, त्याला प्रभूपासून काही मिळायचं नाही, असं वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

दोन महिन्यांनी मुलीचा बाप्तिस्मा करायचं नवऱ्याने ठरवलंय. त्याचा विश्वास साधा आणि पक्का आहे. पाळक सगळ्यांसमोर विचारतील, ‘तुम्ही विश्वास ठेवता का?’ मी काय म्हणू? खोटं बोलू? की बाजूला उभी राहू? किती विश्वास असला म्हणजे पुरे?

– शेवटच्या बाकावरची

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या गृहस्थांचं बघू. ते वाक्य मनात असेतोवर बाकी काही बोलून उपयोग नाही.

ते चुकले. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. ज्या पुस्तकाच्या आधाराने ते बोलले असतील, ते पुस्तकच त्यांच्या बाजूने उभं राहत नाही. गेथशेमाने बागेत येशूने प्रार्थना केली, हा प्याला माझ्यापासून टळू दे. तो टळला नाही. तिथे कुणाचा विश्वास कमी पडला होता? प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, मिळालं ते निराळंच उत्तर. आणि मित्र लाजराच्या कबरेपाशी, काही क्षणांत त्याला उठवायचं आहे हे ठाऊक असूनही येशू रडला. कबरेपाशी उभ्या असलेल्या मुलीला हिशेब वाचून दाखवणाऱ्यांनी हा प्रसंग वाचला नसावा, किंवा नुसता वाचला असावा.

वडील का गेले, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणी ते देऊ लागलं तर फार वेळ ऐकू नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुम्ही विचारलंय, किती विश्वास पुरे? या प्रश्नामागे एक समजूत आहे, की विश्वास ही साठवायची वस्तू आहे, टाकीतल्या पाण्यासारखी. पातळी खुणेच्या वर गेली की आपण विश्वासी, खाली आली की संशयी. मीही कित्येक वर्षं असंच धरून चालले होते. मग कधीतरी आपल्याच बोलण्याकडे नीट लक्ष गेलं. मराठीत आपण ‘शंका येते’ म्हणतो. पाऊस येतो, ताप येतो, शिंक येते, तशीच शंकाही येते. आपण तिला आणत नाही. विश्वास मात्र आपण ‘ठेवतो’. ते करावं लागतं, हाताने एखादी गोष्ट कुठेतरी ठेवावी तसं. आणि तिसरं क्रियापद आहे: विश्वास ‘बसतो’. तो आपल्या हातात नाही. ठेवलेला विश्वास कधी लगेच बसतो, कधी वर्षं लागतात, आणि बसलेला उडूही शकतो.

तुमच्या पत्रात या तिन्हींची सरमिसळ झाली आहे. शंका येतात म्हणून आपण विश्वास ठेवूच शकत नाही, असं तुम्ही गृहीत धरलंय. आणि विश्वास बसलेला नाही म्हणून तो ठेवणं म्हणजे ढोंग, असंही. मला हे दोन्ही पटत नाही. ज्या विमानाची भीती वाटते त्यातही माणूस चढतोच. मुठी आवळून बसतो, पण बसतो. त्याने विमानावर विश्वास ठेवला की नाही? ठेवला. बसला नसेल.

ढोंगाची सीमाही इथेच आहे. विश्वास ठेवलाय एवढंच खरं असताना तो बसलाय असं भासवणं, हे ढोंग. डोळे मिटून, हात वर करून जे होत नाही ते होतंय असं दाखवणं. ते तुम्ही करत नाही आहात. शेवटच्या बाकावर बसणाऱ्यांची ही एक गोष्ट मला फार आवडते.

शुभवर्तमानांत या तिन्ही क्रियापदांत सापडलेला एक माणूस आहे. तुम्ही मार्क वाचताय, म्हणजे नवव्या अध्यायात तो भेटला असेल. आजारी मुलाचा बाप. ‘तुमच्याने काही होत असेल तर’ अशी त्याची सुरुवात आहे, म्हणजे शंका पहिल्याच वाक्यात. आणि मग तो ओरडून म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ एका दमात दोन्ही. यावर येशूने त्याला आधी नक्की ठरव, मग ये, असं सांगितलं नाही. मुलगा बरा झाला. त्या गृहस्थांच्या हिशेबाने हा मुलगा बरा व्हायलाच नको होता.

येशूचा शिष्य थोमा याच्याबद्दल मात्र मला जरा जास्त लिहायचंय, कारण त्याच्यावर अन्याय झालाय. ‘संशयी थोमा’ हे त्याचं जणू आडनावच होऊन बसलं. बाकीचे दहाजण काय मोठे विश्वासू होते? कबर रिकामी असल्याचं स्त्रियांनी येऊन सांगितलं, तेव्हा प्रेषितांना ती वायफळ बडबड वाटली, असं लूक सरळ लिहितो. नंतर येशू त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला, हात-पाय दाखवले, तेव्हा कुठे त्यांना पटलं. त्या संध्याकाळी थोमा तिथे नव्हता, इतकाच फरक. जे बाकीच्यांना न मागता मिळालं, ते त्याने मागितलं. हाच थोमा योहानाच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायात म्हणतो, चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ. ते वाक्य कुणाला आठवत नाही.

योहानाच्या विसाव्या अध्यायातला माझा आवडता तपशील जखमांचा नाही. ‘आठ दिवसांनंतर शिष्य पुन्हा आत होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता’, हा आहे. ते आठ दिवस कसे गेले असतील? दहाजण सांगतायत, आम्ही प्रभूला पाहिलं. हा म्हणतोय, मी नाही मानत. तरी त्यांनी त्याला बाहेर काढलं नाही आणि तोही निघून गेला नाही. एकाच घरात, एकाच दाराआड, एक न मानणारा आणि दहा मानणारे. तुमची सध्याची जागा हीच आहे. तुमचे आठ दिवस जरा लांबलेत.

(जाता जाता: थोमाने जखमेत बोट घातलं असं योहान कुठेही लिहीत नाही. येशूने घाल म्हटलं, आणि पुढच्याच ओळीत थोमा म्हणतो, ‘माझा प्रभू व माझा देव.’ बोट घातलेलं आपल्या डोळ्यांसमोर येतं ते कॅरावाज्जिओसारख्या चित्रकारांमुळे.)

पुनरुत्थान पटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. पटायला अवघड आहेच. ते सहज पटतं असं सांगणाऱ्यांनी त्यावर फार विचार केलेला नसतो. पण एक गोष्ट टाळू नका. येशू आवडतो, तेवढ्यावर थांबू आणि कबरेचं राहू दे बाजूला, असं करून बघायचा मोह होतो. पौलाने ती पळवाट आधीच बंद करून ठेवली आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो म्हणतो, ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. म्हणजे ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न विचारायची मुभा आहे, इतकंच नाही, तो विचारावाच लागतो.

मग काय हाताशी आहे? ते पत्र साधारण इ. स. 55 च्या सुमाराचं, येशूला क्रुसावर दिल्यानंतर पंचवीसएक वर्षांनी लिहिलेलं. त्यात पौल साक्षीदारांची यादी देतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, मग याकोब, शेवटी स्वतः. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असंही लिहितो, म्हणजे जाऊन विचारा. ही यादी आपल्याला आधीच मिळाली होती, तीच तुम्हाला सांगितली, असं त्याचं म्हणणं आहे, तेव्हा ती पत्रापेक्षा जुनी. रोमन सुभेदार पिलाताच्या कारकिर्दीत येशूला मृत्युदंड झाला हे रोमन इतिहासकार टॅसिटसनेही लिहून ठेवलंय, आणि त्याला ख्रिस्ती लोकांबद्दल काडीचं प्रेम नव्हतं. चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर पहिल्यांदा पाहतात त्या स्त्रिया, आणि त्या काळी स्त्रियांच्या साक्षीला पुरुषांच्या साक्षीइतकं वजन नव्हतं. गोष्ट रचायचीच होती तर कुणी अशी रचली नसती.

आता दुसरी बाजूही सांगते. चारही शुभवर्तमानांतले तपशील जुळत नाहीत. मत्तयात एक देवदूत, मार्कात पांढऱ्या झग्यातला एक तरुण, लूकात दोन पुरुष, योहानात दोन देवदूत. तुम्ही मार्क वाचताय म्हणून मुद्दाम सांगते: सोळाव्या अध्यायातल्या नवव्या ओवीपासूनचा शेवट सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाही. तिथे शुभवर्तमान आठव्या ओवीपाशी संपतं. स्त्रिया थरथरत कबरेपासून पळाल्या आणि भ्यायल्यामुळे कुणाला काही बोलल्या नाहीत. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला धक्का बसला होता. आता तो शेवट मला सगळ्यांत खरा वाटतो. सकाळी उठल्यावर तुम्हाला ‘जैसे थे’ वाटतं ना, तसाच आहे तो.

या सगळ्यातून पुनरुत्थान सिद्ध होतं का? नाही. इतकं कळतं, की शिष्यांनी काहीतरी पाहिलं अशी त्यांची स्वतःची पक्की खात्री होती, आणि ती फार लवकर झाली होती. विश्वास न ठेवणारे कितीतरी इतिहासकारही इथपर्यंत येतात. त्यांनी काय पाहिलं, याबद्दल इतिहास गप्प बसतो. तिथून पुढचं पाऊल ‘ठेवण्याचं’ असतं. ते डोळे मिटून टाकायचं नाही, पण पुरावा पुरा होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर पाऊल कधीच पडणार नाही. लग्नाच्या वेळी तुमच्या नवऱ्याबद्दल तरी तुमच्याकडे पुरा पुरावा कुठे होता?

याकोबाच्या त्या ओवीचंही बघू, कारण तिने बऱ्याच जणांना घाबरवलंय. तुम्ही सहावी ओवी वाचलीत. पाचवी वाचलीत का? कोणी ज्ञानाने उणा असेल तर त्याने देवाजवळ मागावं, तो दोष न लावता सर्वांना उदारपणे देतो, असं ती सांगते. दोष न लावता. आणि जिथे ‘संशय’ म्हटलंय तिथला मूळ ग्रीक शब्द मनाने दुभंगण्याचा आहे. म्हणून पुढे लगेच ‘द्विबुद्धीचा माणूस’ येतो. एक पाय इकडे, एक तिकडे, आणि दोन्हीकडून फायदा हवा, असा माणूस. प्रश्न पडलेला माणूस वेगळा. त्याच्यासाठी यहूदाच्या चिमुकल्या पत्रात सरळ आज्ञा आहे, जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा. ही ओवी भिंतीवर लावलेली मी तरी कुठे पाहिली नाही.

रडू येत नाही, काहीच होत नाही, याची काळजी सोडा. भावना या बाबतीत फार बेभरवशाच्या साक्षीदार असतात. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जग चकित झालं. ज्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून लोकांना देव आठवायचा, तिला स्वतःला दशकानुदशकं देव जाणवत नव्हता, आत नुसता अंधार होता. काम मात्र थांबलं नाही. उलट मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीचं बघा. पाळकपदाची दीक्षा घेऊन दहा वर्षं झाल्यावर, 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका छोट्या सभेत त्याला आपलं हृदय उबदार झाल्यासारखं वाटलं. मेथडिस्ट लोक हा दिवस आजही पाळतात. पण पुढच्याच जानेवारीत त्याच वेस्लीने रोजनिशीत लिहून ठेवलंय, की मी ख्रिस्ती नाही. ऊब आली, ऊब गेली. तो चालत राहिला.

एक मात्र विचारून ठेवते. काहीच वाटत नाही हे फक्त चर्चमध्ये, की सगळीकडे? मुलीला घेतानाही? जेवणात, झोपेत, आवडीच्या कामातही मन मेल्यासारखं असेल, तर तो विश्वासाचा प्रश्न नाही. बाळंतपणानंतर वर्षभरातही असं होऊ शकतं. मग आधी डॉक्टरांना भेटा, पाळकांना नंतर.

आपल्या भाषेत तर याहून जवळचं उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमध्ये वॉन्टेज इथे बाप्तिस्मा घेतला. बरोबर अडीच वर्षांची लेक मनोरमा, तिचाही त्याच दिवशी झाला. म्हणजे तुमच्यासारखंच, आई आणि मुलगी. आता पुढचं बघा. बाप्तिस्म्यानंतर रमाबाई गप्प बसल्या नाहीत. त्रैक्य (एका देवात तीन व्यक्ती), चमत्कार, पुनरुत्थान, चर्चने घालून दिलेली मतं, सगळ्यांवर त्यांनी वॉन्टेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद घातला. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवलीय, ती दुसऱ्या जोखडात देणार नाही, असा त्यांचा बाणा होता. बिचाऱ्या सिस्टर पत्रं वाचून हवालदिल झाल्या. पुढे बऱ्याच वर्षांनी मागे वळून बघताना रमाबाईंनी लिहिलं, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला बाप्तिस्म्यानंतर आणखी आठेक वर्षं लागली.

आठ वर्षं! तेवढ्यात त्यांनी अमेरिका पालथी घातली आणि शारदा सदन उभं केलं. विश्वास त्यांनी 1883 मध्ये ठेवला, तो बसला कधी, तर 1891 च्या आसपास. आणि एकदा बसल्यावर काय झालं, तर हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं. आयुष्याच्या अगदी शेवटापर्यंत ते काम चाललं. वाद घालणारी बुद्धी वाया गेली नाही. ती कामाला लागली.

माझंही थोडं सांगते. तुमच्यासारखं माझंही सगळं सुटलं होतं, फक्त मला ते मान्य करायचं धैर्य नव्हतं. त्याच सुमारास आईची दृष्टी गेली. तिला रोज संध्याकाळी शास्त्र वाचून दाखवणं माझ्याकडे आलं. मी ते न मानता वाचायचे, वर्तमानपत्र वाचावं तसं. तिला स्तोत्र 88 हवं असायचं, सारखं. ते स्तोत्र विलक्षण आहे. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी उजेडात येतात, हे येत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. एकदा मी वैतागून विचारलं, हे काय सारखं सारखं? ती म्हणाली, ‘हे पुस्तकात आहे ना? मग हे बोलायची परवानगी आहे.’ चार वर्षं असं वाचलं. ती गेल्यावर पहिल्या संध्याकाळी मी वेळेवर पुस्तक उघडलं, ऐकायला कुणी नसताना. तेव्हा कळलं, की मी केव्हाच आईसाठी वाचायचं थांबवलं होतं. तारीख विचाराल तर सांगता येणार नाही.

म्हणून म्हणते, मार्क रात्री मोठ्याने वाचा. मुलगी झोपली असेल तर हळू, पण ओठ हलवून. मार्क संपला की योहान. मधलंच पान उघडून वचन शोधू नका. याकोबाने तुम्हाला घाबरवलं ते तसंच. आणि रोज एकच प्रार्थना करा, त्या बापाची. तिची दोन्ही वाक्यं म्हणा. ज्या दिवशी पहिलं खोटं वाटेल त्या दिवशी दुसरं तरी खरं असेल. मात्र संडे स्कूलला शिकवाल का, असं कुणी विचारलं तर वर्षभर नाही म्हणा. परत आलेल्या माणसाला लगेच कामाला जुंपायची मंडळींना फार हौस असते.

आता दोन महिन्यांनी येणारा दिवस. पाळकांकडे आधी जा, एकट्या. हे पत्र मला लिहिलंत ते त्यांना दाखवलंत तरी चालेल. आईवडिलांना नेमके कोणते प्रश्न विचारले जाणार ते छापील शब्दांत मागून घ्या. सगळीकडे ते सारखे नसतात, आणि आपल्या मनातला प्रश्न बहुतेकदा पुस्तकातल्या प्रश्नापेक्षा कठोर असतो. काही मंडळ्यांच्या उपासनेत आईवडिलांच्या वचनाचं उत्तर ‘देवाच्या साहाय्याने’ असं आहे. हे उत्तर तुम्हाला देता येईल असं मला वाटतं. त्यात मदतीची मागणी आहे, फुशारकी नाही.

मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, म्हणायची वेळ येईल तेव्हा आणखी एक लक्षात ठेवा. 325 मध्ये निकेयाच्या धर्मसभेने जो मतांगीकार लिहिला, त्याची सुरुवात ‘आम्ही विश्वास ठेवतो’ अशी होती. अनेकवचनी. एकट्याने सगळं वाक्य उचलायचं असा त्याचा बेत नव्हता. पक्षघाती माणसाला चौघांनी खाटेवरून आणलं तेव्हा, येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असं मार्क लिहितो. खाटेवरच्या माणसाचा किती होता, ते कुणी मोजलं नाही. त्या दिवशी तुमच्या खाटेचं एक टोक तुमच्या नवऱ्याच्या हातात असेल, आणि पुढच्या कुठल्या वर्षी कदाचित त्याच्या खाटेचं तुमच्या. साधा, पक्का विश्वास असलेल्यांनाही अशी वर्षं येतात.

शब्द वाचल्यावरही जीभ रेटत नसेल, तर स्पष्ट सांगा. नवऱ्याला उत्तर देऊ द्या, तुम्ही मुलीला घेऊन शेजारी उभ्या राहा. सगळ्यांसमोर खोटं बोलण्यापेक्षा शेजारी गप्प उभं राहणं केव्हाही बरं, आणि पाळक समंजस असतील तर त्यांना ते कळेल. नसतील, तर दोन महिने पुढे ढकला. नवरा थोडा खट्टू होईल. त्याला हे पत्र आधी वाचायला द्या. मला शंका आहे, की तुमच्या मनात काय चाललंय ते त्याला अजून पुरतं माहीत नाही. मला लिहिण्याआधी तुम्ही त्याला सांगायला हवं होतं.

आणि आशीर्वाद झाल्यावर लगेच निघू नका, पाच मिनिटं थांबा. शेवटच्या बाकावर तुमच्याखेरीज आणखी कोण कोण बसतं ते बघा.

मुलीचं नाव तुम्ही पत्रात लिहिलं नाही. प्रार्थनेला नाव लागतंच असं नाही, पण कळवलंत तर मला बरं वाटेल.